सजीवांचं मॉडेल संगणकावर चालवताय? या चुका टाळा

डिसेंबर उजाडला की एमएस्सीची प्रोजेक्टवाली मुलं कोल्हापूरला राजारामपुरीत माझ्याकडं यायला लागतात. कुणाचं एन्झाइमचं मॉडेल, कुणाचं साथीचं, कुणाचं चेतापेशीचं. विषय दरवर्षी नवे, चुका मात्र त्याच. बहुतेकांची गाडी एकाच जागी घसरते: स्क्रीनवर छान वळणदार रेषा आली की काम झालं असं वाटतं. रेषा येतेच हो. समीकरण चुकलं तरी येते, एकक चुकलं तरी येते.

दोन वर्षांमागं एक मुलगी रंकाळा तळ्यातल्या जलपर्णीचं मॉडेल घेऊन आली होती. समीकरण साधं, व्हर्हुल्स्ट या गणितज्ञानं १८३८ मध्ये मांडलेलं लॉजिस्टिक वाढीचं, म्हणजे आधी झपाट्यानं आणि जागा संपत आली तशी मंदावत जाणाऱ्या वाढीचं. वाढीचा दर दिवसाला ०.१, म्हणजे साधारण सात दिवसांत दुप्पट. जलपर्णीला तो शोभतोही. सगळं तळं झाकलं की आकडा १, असं तिनं धरलं होतं. प्लॉटमध्ये रेषा चढली आणि नंतर वर-खाली, वर-खाली झुलत राहिली. तिनं त्यावर दीड पान लिहिलं होतं: पावसाळ्यात जलपर्णी वाहून जाते, उन्हाळ्यात पुन्हा फोफावते, वगैरे. वाचायला पटण्यासारखं. पण मॉडेलमध्ये पाऊस कुठं होता? एकही पद पावसाचं नव्हतं.

मी म्हणाले, "प्लॉट राहू दे, आकडे दाखव." आकड्यांच्या रांगेत ०.०५, ०.१७, ०.५२, १.१४, ०.७३, १.२२ असं चाललं होतं. १.२२ वर बोट ठेवून विचारलं, "म्हणजे रंकाळा किती टक्के झाकला?" ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मॅडम, एकशे बावीस."

घोळ असा होता. वेळ वाचवायला तिनं ऑयलरची पद्धत (आत्ताच्या वेगानं एक पायरी पुढं जायचं, मग वेग पुन्हा काढायचा) स्वतःच लिहिली होती आणि पायरी घेतली होती २५ दिवसांची. दर गुणिले पायरी २.५. हा गुणाकार २ च्या वर गेला की ऑयलरची पद्धत खऱ्या उत्तराभोवती उड्या मारतच राहते, २.५७ च्या आसपास तर उड्यांना काही ताळतंत्रच उरत नाही. अशा साध्या पायरी-पायरीच्या समीकरणातून किती गोंधळ उपजू शकतो हे गणिती जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट मे यांनी १९७६ मध्येच दाखवलं आहे. लॉजिस्टिकचं खरं उत्तर खालून वर चढतं, एकाकडं टेकत जातं आणि एक कधीच ओलांडत नाही. अर्ध्या दिवसाची पायरी घेऊन पुन्हा चालवलं तेव्हा तसंच झालं. पावसाळ्याचं दीड पान तिनं माझ्यासमोरच काढून टाकलं. मला वाईट वाटलं, कारण लिहिलं मन लावून होतं.

तेव्हापासून माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच करायला लावते: पायरी निम्मी करा आणि पुन्हा चालवा. जुनी रेषा निळी, नवी तांबडी, दोन्ही एकाच प्लॉटवर. तांबडीखाली निळी दिसेनाशी होईपर्यंत अर्थ लावायला बसायचं नाही. तयार सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा आयता कोड) वापरणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. पायथनच्या सायपाय लायब्ररीतला सॉल्व्ह-आयव्हीपी काही सांगितलं नाही तर आरके४५ ही पद्धत घेतो आणि सापेक्ष चूक हजारात एक इतकी चालवून घेतो. सुरुवातीला ठीक आहे. पण एकाच मॉडेलमध्ये मिलिसेकंदात होणारं रेणूंचं बंधन आणि तासांत होणारी वाढ एकत्र आली की समीकरणं स्टिफ होतात, म्हणजे वेगवान भागापायी सगळीकडंच फार बारीक पायऱ्या घ्याव्या लागतात. मग आरके४५ रांगत बसतो, आणि मुलं म्हणतात, "लॅपटॉप स्लो आहे." लॅपटॉप बदलू नका, पद्धत बदला. एलएसओडीए किंवा रॅडाऊ घ्या, मॅटलॅब असेल तर ओडीई१५एस.

दुसरी चूक एककांची. हिच्यावर माझा खरा राग आहे, कारण ती निव्वळ घाईतून होते.

एक मुलगा करवीर तालुक्यातला, घरचं गुऱ्हाळ. त्यानं विषय फार चांगला निवडला होता: ऊस तोडल्यावर पडून राहिला तर इन्व्हर्टेज एन्झाइममुळं साखरेचं ग्लुकोज-फ्रुक्टोज किती होतं. एन्झाइमच्या वेगाचं मायकेलिस-मेंटेनचं समीकरण, केएम (ज्या सांद्रतेला वेग कमालीच्या निम्मा असतो ती) २५ मिलिमोलर (लिटरमागं मोलचा हजारावा भाग), कमाल वेग तासाला २ मिलिमोलर. त्याचं मॉडेल सांगत होतं की ३७ तासांत ९० टक्के साखर संपते. सुट्टीत घरी गेल्यावर त्यानं ते त्यांच्या गुळव्याला सांगितलं. गुळव्या काहिलीतली ढवळणी न थांबवता म्हणाला, "आरं, मग काल सांजंला आलेल्या उसाचा आज रवा धरला असता व्हय?"

त्या म्हाताऱ्याचं बरोबर होतं; एवढी साखर गेली असती तर गुळाचा रवा धरलाच नसता. मुलानं रसातली साखर १८ टक्के म्हणून सुरुवातीच्या रकान्यात सरळ १८ टाकलं होतं आणि केएम मिलिमोलरमध्ये. १८ टक्के म्हणजे लिटरला सुमारे १८० ग्रॅम. सुक्रोजचं, म्हणजे साखरेचं, रेणुभारमान ३४२. म्हणजे ५२६ मिलिमोलर. फरक नुसत्या आकड्याचा नाही, वागणुकीचा आहे. १८ ला एन्झाइम कमाल वेगाच्या ४२ टक्क्यांनी चालतं, ५२६ ला ९५ टक्क्यांनी. म्हणजे एन्झाइम आधीच पूर्ण गुंतलेलं, साखर जवळजवळ सरळ रेषेत हळूहळू उतरणार. आकडा दुरुस्त केल्यावर त्याच ३७ तासांत १३ टक्के साखर गेली. त्यावरही वाद घालता येईल, कारण ऊस म्हणजे ढवळलेला पेला नव्हे. पण तो वाद घालण्याजोगा आहे.

पुढं त्यानं ब्रिक्सचा आकडा साखर म्हणून घेतला होता हेही निघालं. ब्रिक्समध्ये रसात विरघळलेलं सगळंच येतं. साखर हवी तर पोल, म्हणजे साखरेचंच मोजमाप, बघा. कारखान्याच्या लॅबमधला कुणीही हे सांगेल. विचारायला मात्र हवं.

माझ्या वहीत प्रत्येक पॅरामीटरपुढं (दर, केएम असे मॉडेलला द्यायचे आकडे) लाल पेननं एकक असतं, आणि समीकरणाच्या दोन्ही बाजूंची एककं मी हातानं जुळवून बघते. कोड नंतर. पॅरामीटर कुठल्या तापमानाला मोजला तेही तिथंच लिहिते. पोरं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बाणांचं चित्र न काढता थेट कोड उचलून आणतात किंवा एआयकडून लिहून घेतात, तेव्हा मी तो उघडतसुद्धा नाही. आधी बाण काढा: काय कशातून येतं, कुठं जातं. त्या चित्राला वीस मिनिटं लागतात.

हॉजकिन-हक्सलीचं, म्हणजे चेतापेशीतल्या विद्युत-संदेशाचं, मॉडेल घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. १९५२ चं ते मॉडेल स्क्विड या समुद्री प्राण्याच्या चेतातंतूचं आहे, ६.३ अंश सेल्सिअसचं. दर १० अंशांना वेग तिप्पट धरला तर ३७ अंशांना दर सुमारे २९ पट होतात, म्हणून जुने आकडे घेऊन "माणसाची चेतापेशी" असं शीर्षक देऊ नका. मूळ लेखात व्होल्टेजची अधिक-उण्याची खूणही आजच्या उलट आहे आणि विश्रांतीची पातळी शून्य, त्यामुळं अर्धी समीकरणं तिथून आणि अर्धी नव्या पुस्तकातून घेतली तर स्पाइक, म्हणजे चेतेचा विद्युत-ठोका, बहुधा येणारच नाही.

सांद्रता उणे आली तर कोडमध्ये "शून्यापेक्षा कमी असेल तर शून्य" अशी ओळ टाकून झाकू नका. ती ताप आल्याची खूण आहे. पायरी किंवा एखादं पद चुकलंय.

ई. कोलाय जिवाणूचं आकारमान सुमारे एक फेम्टोलिटर. तिथं एक नॅनोमोलर म्हणजे ०.६ रेणू. अशा ठिकाणी सलग समीकरणं चालत नाहीत, गिलेस्पीची १९७७ ची पद्धत (एकेक अभिक्रिया यदृच्छेनं घडवणारी) वापरा, आणि एकच रन काढून निष्कर्ष लिहू नका. निदान काही शे काढा, प्रत्येकाचं सीड (यादृच्छिक आकडे जिथून सुरू होतात तो आकडा) नोंदवा.

वस्तुमानाचा हिशेब रोज तपासा, पण नीट. एकानं ३४२ ग्रॅम सुक्रोजमधून ३६० ग्रॅम ग्लुकोज-फ्रुक्टोज निघालं म्हणून दोन दिवस बग शोधला. ते जादा १८ ग्रॅम पाणी आहे, सुक्रोज फुटताना त्याला जोडलं जाणारं. मोलमध्ये मोजलं असतं तर शंकाच आली नसती.

राहिलं फिटिंग, म्हणजे मोजलेल्या ठिपक्यांवर मॉडेलची रेषा बसवणं. सहा ठिपके आणि सात पॅरामीटर घेऊन "फिट छान आलं" असं सांगत मुलं येतात. सहा ठिपक्यांतून सात पॅरामीटरची रेषा जवळजवळ हवी तशी नेता येते. म्हणून मी आता डेटा मिळाला की आधी प्रिंट मागते, कात्रीनं शेवटचे दोन ठिपके कापून माझ्या वहीत ठेवते आणि उरलेल्यांवर काम करायला सांगते. रेषा पुढं वाढवून आणली की ते दोन तुकडे वहीतून काढून तिच्यावर ठेवते.