कविता उलगडताना: आधी मोजा, मग अर्थ लावा

'या कवितेतून कवीला काय सांगायचं आहे?' हा प्रश्न शाळेत इतक्यांदा विचारला जातो, की पुढे आयुष्यभर कविता हाती आली की आपण तेवढंच शोधत बसतो. त्यापेक्षा कामाचा प्रश्न असा: सांगायचंच होतं, तर सरळ चार वाक्यांत का नाही सांगितलं? त्याचं उत्तर बहुतेक वेळा ओळीच्या लांबीत, यमकाच्या जागेत, शब्दांच्या क्रमात दडलेलं असतं. ते क्रमानं कसं शोधायचं ते पाहू. हाताशी पेन्सिल असू द्या.

पहिलं काम, मोठ्यानं वाचा. नागपुरात एप्रिल-मेच्या दुपारी वाचत असाल तर तेवढ्यापुरता कूलर बंद करा, त्या घरघरीत लय ऐकू येत नाही. घाम येऊ द्या थोडा. जिथे आपसूक थांबावंसं वाटलं तिथे उभी रेघ मारा. अर्थाकडे अजून बघायचं नाही.

आता अक्षरं मोजा. जोडाक्षर एकच धरायचं. तुकारामांचा सगळ्यांना पाठ असलेला अभंग घ्या:

वृक्षवल्ली आम्हां / सोयरीं वनचरें / पक्षी ही सुस्वरें / आळविती
येणें सुखें रुचे / एकांताचा वास / नाहीं गुणदोष / अंगा येत

दुसरी ओळ मोजली तर ६, ६, ६ आणि ४. हा मोठ्या अभंगाचा साचा. पहिल्या ओळीतला दुसरा तुकडा मात्र ७ अक्षरांचा भरतो. त्याची काळजी करू नका, अभंग गाण्यासाठी आहे आणि गाताना ते एक अक्षर सहज सामावतं. बघायचं आहे ते शेवटच्या तुकड्याकडे. तीन तुकडे भरलेले, चौथा आखूड. 'आळविती' म्हटलं की दोन अक्षरांएवढी जागा रिकामी उरते आणि तिथे आपण थांबतो. एकांताबद्दल बोलणाऱ्या रचनेत प्रत्येक ओळीच्या शेवटी ही मोकळी जागा आयती मिळाली आहे.

यमक कुठे आहे तेही बघा. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्यात: 'वनचरें', 'सुस्वरें'. रानातले प्राणी आणि झाडावरचे पक्षी कानाला एका घरचे वाटू लागतात. 'सोयरीं' हा शब्द जे म्हणतो, तेच यमकानं करून दाखवलं. यमक सापडलं की एवढंच विचारायचं: यानं कुठल्या दोन गोष्टी शेजारी आणून बसवल्या? पुष्कळदा उत्तर 'कुठल्याच नाही' असं येतं. मग ते यमक नुसतं ओळ भरायला आलेलं असतं.

यापुढची पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून तिथे जरा रेंगाळू. कविता बिघडवून बघा. बहिणाबाई चौधरींच्या या ओळी:

अरे संसार संसार
जसा तवा चुल्ह्यावर
आधी हाताला चटके
तव्हा मियते भाकर

प्रत्येक ओळीत ८ अक्षरं. पहिल्या ओळीतल्या आठांपैकी सहा एकट्या 'संसार'नं अडवली आहेत. दुसऱ्या कशाला जागाच ठेवली नाही, आणि संसार करणाऱ्या बाईची स्थिती याहून वेगळी काय असते? आता शेवटच्या दोन ओळी उलट्या लावा: भाकर मिळते, पण त्याआधी हाताला चटके बसतात. माहिती तीच राहिली, पण कविता तक्रारीवर संपली. बहिणाबाईंच्या क्रमात आपल्यालाही आधी चटका बसतो आणि भाकर सगळ्यात शेवटी हाती येते. वाचणाऱ्याला वाट बघायला लावली आहे.

'मियते'च्या जागी 'मिळते' घालून पाहा. अक्षरं तेवढीच, लय तीच, पण बोलणारी बाई बदलली. बहिणाबाई खानदेशातल्या, तरी ज्यांच्या घरी वऱ्हाडी बोलली जाते त्यांना हा 'य' ओळखीचा वाटेल. बहिणाबाईंना स्वतःला लिहिता येत नव्हतं, या ओव्या घरच्यांनी उतरवून घेतल्या आणि १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकात आल्या. जात्यावर, शेतात म्हणायच्या रचना लक्षात राहाव्या लागतात. आठ अक्षरांचा हा आखीव घास त्यासाठीच.

अलंकारांची नावं? इथे 'जसा' आहे म्हणून उपमा. झालं. परीक्षेत तेवढ्याला गुण मिळतात, पण वाचकाला त्यातून काही मिळत नाही. उपमा कुठून उचलली ते विचारा. इथे संसाराला समुद्र किंवा रणांगण म्हटलेलं नाही. बोलणारीच्या हाताजवळ जे होतं, तोच तवा झाला.

आता ठरीव साच्यांकडे वळू. नागपूरकरांना गझल परकी नाही. सुरेश भट मूळचे अमरावतीचे, पण इथलेच होऊन राहिले, आणि रेशीमबागेतल्या सभागृहाला त्यांचं नाव आहे. गझलेत शेवटी तेच ते येणारं पद म्हणजे रदीफ, त्याच्या आधी जुळणारा, बदलता शब्द म्हणजे काफिया. नमुन्यापुरत्या ओळी मीच जुळवतो, मोठ्या अपेक्षेनं वाचू नका:

दुपारी उन्हाने घरे पेटलेली
नळाच्या पुढे भांडणे पेटलेली

कुणी हासले, बोलले आणि गेले
सभेच्या अखेरी मने पेटलेली

'पेटलेली' तिन्ही वेळा तेच, पण आधी ऊन पेटलं, मग भांडण, मग राग. रदीफ हलत नाही म्हणूनच काफियाकडे लक्ष जातं आणि त्याच शब्दाचा अर्थ दर वेळी सरकतो. गझल वाचताना प्रत्येक शेरात, म्हणजे दोन ओळींच्या जोडीत, रदीफचा अर्थ कुठून कुठे गेला याची खूण करत जा. सगळ्या शेरांतून एक गोष्ट शोधू नका, प्रत्येक शेर स्वतंत्र उभा राहतो.

आणखी एक गंमत. या ओळींचं वृत्त, म्हणजे आखूड-लांब अक्षरांचा ठरलेला साचा, भुजंगप्रयात आहे: लघु (आखूड), गुरू (लांब), गुरू असं चार वेळा. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' म्हणून बघा, चाल तीच. रामदास ज्या वृत्तात मनाला समजावतात, त्यातच नळावरची भांडणंही बसतात. म्हणून 'अमुक वृत्त म्हणजे अमुक रस' असं कुणी सांगितलं तर थोडं जपून. वृत्त चाल देतं, त्या चालीनं कुठे जायचं ते शब्द ठरवतात.

कवी ग्रेस वाचताना याचा उपयोग होतो. 'संध्याकाळच्या कविता'मध्ये अर्थ हातातून निसटत राहतो, पण लय बहुधा पक्की असते. धूसर प्रतिमा त्या लयीनं बांधून धरलेल्या असतात. तिथे पहिली पायरीच पुन्हा पुन्हा करावी.

मुक्तछंदाला, म्हणजे ठरीव साचा न पाळणाऱ्या कवितेला, काही नियम नसतो असं अनेकांना वाटतं. मराठीत मुक्तछंद रुजवणाऱ्या कवी अनिलांनीच पुढे दहा ओळींचा आखीव 'दशपदी' हा प्रकार घडवला आणि त्याच नावाच्या संग्रहाला १९७७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तेव्हा मोकळेपणाही निवडलेला असतो. नागपूरच्या यशवंत मनोहरांसारख्या आंबेडकरी कवींच्या मुक्तछंदात तर पिढ्यान्‌पिढ्या गिरवलेली लय नाकारणं हेच म्हणण्याचा भाग आहे. पण त्याच चळवळीतल्या वामनदादा कर्डकांची गाणी पक्क्या चालीत आणि यमकात बांधलेली आहेत, कारण ती मैदानातल्या गर्दीनं एका सुरात म्हणायची होती. मुक्तछंद चार लोकांत वाचला जातो, गाणं दीक्षाभूमीवर हजारोंच्या तोंडी जातं. कविता कुणाच्या तोंडी जाणार होती, हेही विचारून घ्या.

मुक्तछंदातली कविता तपासायची सोपी रीत आहे. तिच्या सगळ्या ओळी जोडून एक परिच्छेद लिहून काढा आणि मूळ पानाशेजारी ठेवा. ओळ जिथे तुटली होती तिथे काय हरवलं, त्या जागी खूण करा. कधी एखादा शब्द ओळीत एकटा राहिल्यामुळे जड झालेला असतो, कधी ओळ अर्ध्यावर सोडल्यामुळे पुढच्या ओळीत अर्थ पलटलेला असतो. परिच्छेद करूनही काहीच हरवलं नाही, तर ती कविता खुशाल बाजूला ठेवा आणि दुसरी घ्या.