किडनी ट्रान्सप्लांटची औषधं तीन दुकानांतून घेताय? या चुका टाळा

ऑपरेशन होतं पुण्या-मुंबईत आणि पेशंट राहतो लातूर, नांदेड नाहीतर बार्शीला. सुरुवातीला सगळी औषधं हॉस्पिटलच्या फार्मसीतूनच येतात. मग महिन्याचं बिल झेपेनासं झालं की शोधाशोध सुरू होते. टॅक्रोलिमस होलसेलवाल्याकडून, मायकोफेनोलेट ॲपवरून, प्रेडनिसोलोन आणि बीपीची गोळी गल्लीतल्या मेडिकलमधून. (यातली पहिली तीन शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून असतात.) यात गैर काही नाही. औषधं आयुष्यभर घ्यायची म्हटल्यावर माणूस चार ठिकाणी भाव विचारणारच. पण यातल्या कुठल्याच दुकानदाराला तुमची पूर्ण यादी माहीत नसते, आणि घोळ तिथूनच सुरू होतात.

मिळेल तो ब्रँड घेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल घसरली तर शरीर नवी किडनी नाकारू शकतं. ती वाढली तर हात थरथरतात, साखर चढते आणि त्याच किडनीला इजा होते. काउंटरवर सांगतात, "कंटेंट सेम आहे, बिनधास्त घ्या." कंटेंट सेम असतोही, पण या औषधात थोडासा फरकही काहींना बाधू शकतो. म्हणून स्वस्त ब्रँड निवडायला हरकत नाही, फक्त तो डॉक्टरांना विचारून निवडा आणि मग त्यालाच धरून राहा. बदलावाच लागला तर डॉक्टरांना फोन करा आणि लेव्हल पुन्हा कधी तपासायची तेही त्याच फोनवर विचारून घ्या. दर महिन्याला ऑफर बघून ब्रँड फिरवणं मात्र नकोच.

लेव्हलसाठी रक्त सकाळच्या डोसच्या आधी द्यायचं असतं. कॅप्सूल गिळून लॅबमध्ये गेलात तर आकडा फुगलेला येतो आणि डोस विनाकारण कमी केला जाण्याची भीती असते.

नाव वाचलं, बाकीचं नाही

टॅक्रोलिमस दिवसातून दोनदा घ्यायचं मिळतं, तसंच एकदाच घ्यायचंही मिळतं. खोक्यावर फरक जेमतेम एखाद्या शब्दाचा असतो, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही. स्ट्रेंग्थचंही तेच. १ मिलिग्रॅमची कॅप्सूल संपलेली असते, दुकानदार ०.५ ची देतो, 'दोन घ्या' म्हणून सांगतोही. पण पाकीट घरी आणणारा मुलगा आणि औषध देणारी सून वेगळी. निरोप मध्येच गळतो आणि डोस निम्म्यावर येतो. मायकोफेनोलेटचेही दोन प्रकार आहेत, मोफेटिल आणि सोडियम. मोफेटिलचे ५०० मिलिग्रॅम साधारण सोडियमच्या ३६० मिलिग्रॅमच्या बरोबरीचे धरतात, त्यामुळे आकडा जुळवून बदली करायला जाऊ नका.

उलटही घडतं. हॉस्पिटलची जुनी स्ट्रिप उरलेली, ॲपवरून दुसऱ्या नावाची आली, आणि घरचे दोन्ही वेगळी औषधं समजून देतात. खोक्यावरचं बारीक अक्षरातलं मूळ औषधाचं नाव वाचल्याशिवाय पाकीट फोडू नका.

गल्लीतल्या मेडिकलला ट्रान्सप्लांट न सांगणं

खोकला झाला, अंग दुखलं म्हणून जाता जाता गोळी घेतली जाते. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकने किंवा फ्लुकोनाझोल या बुरशीवरच्या औषधाने टॅक्रोलिमसची लेव्हल चढते, टीबीच्या रिफॅम्पिसिनने ती पडते, आणि डायक्लोफेनॅकसारख्या पेनकिलरचा ताण थेट किडनीवर येतो. दुकानात पहिलं वाक्य "किडनी ट्रान्सप्लांट झालंय" हेच असू द्या. दवाखान्यातही तेच.

थंडगार पार्सल

कोणाला रक्त वाढवणारं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन चालू असेल तर ते २ ते ८ अंशांत राहायला हवं. कुरिअरचं पार्सल वॉचमनकडे दुपारभर पडलं असेल तर ते वापरू नका, आधी दुकानाला फोन लावा. बर्फाला चिकटून गोठलेलं इंजेक्शनही वायाच गेलं समजा. घरी ते फ्रीजरच्या कप्प्याजवळ ठेवू नका.

औषध मिळतच नाही, तेव्हा

दहा दिवसांचं औषध शिल्लक असतानाच पुढची ऑर्डर द्या. तरीही अडलंच तर उरलेल्या कॅप्सूल निम्म्या-निम्म्या करून पुरवू नका. थेट हॉस्पिटलच्या ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेटरला फोन करा, कुठल्या दुकानात माल आहे हे त्यांना बहुतेक वेळा ठाऊक असतं. चुकलेला डोस पुढच्या वेळी दुप्पट घेऊन भरून काढू नका.

एका कागदावर औषधाचं मूळ नाव, ब्रँड, स्ट्रेंग्थ, वेळ आणि कुठून घेतलं ते लिहा. त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलवर ठेवा आणि प्रत्येक दुकानात दाखवा. पक्कं बिल मागाच, बिलावरचा बॅच नंबर स्ट्रिपशी जुळतो का ते काउंटरवरच पाहा. "बिल नको असेल तर अजून कमी करतो" म्हणणाऱ्याकडून ही औषधं घेऊ नका.