घराण्यात दारू असेल तर काय करायचं

आधी एक वही घ्या अन् दोन्हीकडची माणसं लिहून काढा, कोण प्यायचं तेही, आईकडची पण, मामा-मावशी सगळे, आपल्याकडे बापाकडचंच तेवढं बघतात. म्हाताऱ्यांना थेट विचारू नका, "काका गिरणीतून सुटल्यावर कुठं थांबायचे" असं विचारलं की आपोआप बाहेर येतं. जुळ्यांवरच्या अभ्यासांत दिसलंय की व्यसनाच्या धोक्यात साधारण निम्मा वाटा जीन्सचा, म्हणजे आईबापाकडून रक्तात आलेल्या गुणांचा, बाकी घर, दोस्त, ताण. दारूचं असं एकच जीन नसतं, बरीच मिळून थोडं थोडं करतात, म्हणून महागड्या डीएनए टेस्टच्या नादी लागू नका, उगाच पैसे जातात.

हुरडा पार्टीत "आपल्याला चढतच नाय" म्हणून मिरवतो ना, त्यालाच जास्त जपायला पाहिजे, कमी चढणं हे बऱ्याचदा रक्तातूनच येतं आणि त्यानं व्यसनाचा धोका वाढतो. पोरांना हे आठवी-नववीतच सांगा, जितकी लवकर सुरुवात तितका धोका जास्त.

रोज पिणाऱ्याला मात्र एकदम बंद करायला लावू नका, फिट येऊ शकते, आधी मानसोपचारवाल्या डॉक्टरला दाखवा, नायतर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन लावा, फुकट आहे.