दोन संघटना दारी आल्या असता: स्नोमोबाइल क्लबने निवड कशी करावी

कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत हिवाळाभर खुल्या राहणाऱ्या स्नोमोबाइलच्या, म्हणजे बर्फावर धावणाऱ्या मोटारगाड्यांच्या, वाटा बहुतांशी स्थानिक क्लबांच्या स्वयंसेवकांनी राखलेल्या असतात. बर्फ पडण्यापूर्वी वाटेवर आलेल्या फांद्या तोडणे, ओढ्यांवरचे पूल दुरुस्त करणे, खुणेच्या पाट्या लावणे आणि हंगाम सुरू झाला की रात्री ग्रूमर, म्हणजे बर्फ दाबणारे यंत्र, चालवून वाट सपाट करणे, ही सारी कामे याच मंडळींच्या खांद्यावर असतात. विमा, कायदा आणि सरकारशी वाटाघाटी यांसाठी मात्र क्लबांना प्रांताच्या किंवा राज्याच्या पातळीवरील संघटनेची गरज पडते. बहुतेक ठिकाणी अशी संघटना एकच असते. पण मतभेद विकोपाला गेले की काही क्लब बाहेर पडून दुसरी संघटना उभी करतात, आणि मग दोन्हींचे प्रतिनिधी उरलेल्या क्लबांच्या दारी येऊ लागतात. अशा वेळी क्लबच्या कार्यकारिणीने काय तपासावे आणि बदल करायचाच झाला तर तो कसा पार पाडावा, हे येथे सांगायचे आहे. संघटनेचे मोल अधिवेशनातील भाषणांवरून ठरत नाही. ग्रूमर चालवणाऱ्या स्वयंसेवकाच्या हाती शेवटी काय पडते त्यावरून ते ठरते, हे माझे ठाम मत आहे आणि पुढील सर्व सूचना त्याच मतावर आधारलेल्या आहेत.

आधी आपल्या प्रांताची घडी समजून घ्यावी

संघटना बदलण्याचे स्वातंत्र्य क्लबला कितपत आहे, हे बरेचसे पैसा कोणत्या वाटेने येतो यावर अवलंबून असते. व्हरमाँटमध्ये १९६७ साली स्थापन झालेली व्हरमाँट असोसिएशन ऑफ स्नो ट्रॅव्हलर्स, म्हणजे 'व्हास्ट', हीच राज्यभरच्या वाटांचे जाळे सांभाळते आणि तेथे चालकाला स्थानिक क्लबचे व 'व्हास्ट'चे सभासदत्व घेऊनच पास मिळतो. ऑंटारिओत वाटांसाठी परवाना असणे कायद्यानेच बंधनकारक आहे आणि ते परवाने ऑंटारिओ फेडरेशन ऑफ स्नोमोबाइल क्लब्जच्या व्यवस्थेतून दिले जातात. विस्कॉन्सिनमध्ये २०१५ साली ट्रेल पास आवश्यक झाला तेव्हा त्याची किंमत ३० डॉलर ठेवण्यात आली, पण स्थानिक क्लबच्या आणि राज्य संघटनेच्या सभासदाला तो १० डॉलरमध्ये मिळेल अशी तरतूद होती. अशा ठिकाणी संघटना सोडणे म्हणजे आपल्या सभासदांची सवलत, आणि कधी कधी वाटेवर येण्याचा मार्गच, धोक्यात घालणे होय. तेथे प्रतिस्पर्धी संघटनेने कितीही आकर्षक आश्वासने दिली तरी कायद्यात बदल झाल्याशिवाय ती पुरी होणार नाहीत.

ब्रिटिश कोलंबियाची स्थिती निराळी आहे. या प्रांतातील सुमारे ९४ टक्के जमीन सरकारी आहे, आणि अनेक क्लब प्रांतिक सरकारच्या मनोरंजन-स्थळे व वाटा विभागाशी थेट भागीदारीचा करार करून वाटेच्या तोंडाशी स्वतःच शुल्क गोळा करतात. क्लबचे मुख्य उत्पन्न संघटनेच्या हातून येत नसल्यामुळे संघटनेला आपले महत्त्व सेवेनेच सिद्ध करावे लागते, आणि असंतुष्ट क्लबांना वेगळी चूल मांडणेही सोपे जाते. म्हणून कार्यकारिणीने पहिल्याच बैठकीत एका कागदावर तीन गोष्टी लिहून काढाव्यात: आपले उत्पन्न कोठून येते, त्यातील कोणता भाग संघटनेच्या सभासदत्वावर अवलंबून आहे, आणि आपल्या वाटा ज्या जमिनीवरून जातात ती जमीन कोणाची आहे.

विमा: येथे घाई करू नये

संघटनांची तुलना करताना सर्वाधिक वेळ विम्यावर खर्च करावा, कारण वर्गणीतील फरक एका हंगामात भरून निघू शकतो, पण विम्यातील फट एखाद्या अपघातानंतर क्लब कायमचा बंद पाडू शकते. दोन्ही संघटनांकडून केवळ माहितीपत्रक न घेता पॉलिसीची संपूर्ण प्रत मागावी. ती देण्यास टाळाटाळ होत असेल, तर तेवढ्यावरूनच बरेच काही समजते.

पॉलिसी हाती आल्यावर प्रथम हे पाहावे की भरपाईची एकूण मर्यादा प्रत्येक क्लबसाठी स्वतंत्र आहे की सर्व सभासद क्लबांत मिळून एकच आहे. सामूहिक पॉलिसीत वार्षिक मर्यादा सामायिक असेल, तर दुसऱ्या टोकाच्या क्लबवर आलेला मोठा दावा आपले संरक्षणही खाऊन टाकू शकतो. त्यानंतर वगळलेल्या बाबींचे कलम वाचावे. शर्यती, सामूहिक सहली, करवतीने झाडतोड, पुलांचे बांधकाम आणि पर्वतीय भागांत हिमस्खलन यांपैकी काय वगळले आहे ते आपल्या प्रत्यक्ष कामांशी ताडून पाहावे. ज्या क्लबचे निम्मे काम पूल बांधण्याचे आहे, त्याला पूल वगळणारी स्वस्त पॉलिसी काय कामाची? स्वयंसेवकांना संरक्षण आहे का, आणि ते सभासद नसलेल्या मदतनिसांनाही लागू होते का, हेही विचारावे. ग्रूमरच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा बहुधा वेगळा असतो आणि नवे यंत्र लाखो डॉलरचे असू शकते, तेव्हा त्याचा हप्ता तुलनेत धरलाच पाहिजे.

सर्वांत दुर्लक्षित राहणारा मुद्दा मुदतीचा आहे. सर्वसाधारण दायित्वाची पॉलिसी पुष्कळदा घटना घडली त्या तारखेला लागू असलेल्या विम्यातून भरपाई देते. संचालकांच्या व पदाधिकाऱ्यांच्या दायित्वाची पॉलिसी मात्र सहसा दावा दाखल झाला त्या वेळी जो विमा चालू असेल त्यातून भरपाई देते. परिणामी, क्लबने संघटना बदलली आणि मागील वर्षीच्या एखाद्या निर्णयाबद्दल नंतर दावा आला, तर जुना विमा संपलेला आणि नवा विमा मागील काळ न स्वीकारणारा, अशा कात्रीत पदाधिकारी सापडू शकतात. नव्या विम्यात मागील काळाचे संरक्षण आहे किंवा जुन्या विम्याला वाढीव मुदत विकत घेता येते, हे विमा दलालाकडून लेखी घेतल्याखेरीज बदलाचा ठराव मांडूच नये.

खासगी जमिनीवरून वाटा जात असतील तर आणखी एक जबाबदारी येते. व्हरमाँटमधील सुमारे ८० टक्के वाटा खासगी जमिनीवर आहेत. जमीनमालकाचे नाव पॉलिसीत अतिरिक्त विमाधारक म्हणून असणे, हा अशा ठिकाणी त्याच्या परवानगीचा आधार असतो. नव्या विम्याचे प्रमाणपत्र जुने संपण्यापूर्वी प्रत्येक मालकाच्या हाती पडेल, अशी व्यवस्था करावी. एका मालकाने फाटक बंद केले तर कित्येक मैलांची सलग वाट तुटते.

वर्गणीचा हिशेब

दोन्ही संघटनांचे गेल्या तीन वर्षांचे हिशेब मागवावेत आणि आपल्या कोषाध्यक्षाने आपण भरलेल्या रकमेच्या बदल्यात काय मिळाले ते मांडावे. कमी वर्गणी सांगणारी संघटना विमा, नकाशे किंवा ऑनलाइन पास-विक्रीचे शुल्क वेगळे आकारत असेल, तर खरी तुलना एकूण खर्चाचीच करायला हवी. नव्या संघटनेजवळ राखीव निधी किती आहे, हेही अवश्य पाहावे. बर्फ उशिरा आला की पासांची विक्री घटते, आणि अशा हंगामात निधी नसलेली संघटना पगार, भाडे व विमा यांपैकी कशाला कात्री लावील, याचे उत्तर तिच्याकडून आधीच मिळवावे.

सरकारपुढे कोण बोलणार

प्रतिस्पर्धेचा सर्वांत मोठा तोटा येथे होतो. ब्रिटिश कोलंबिया सरकारने पर्वतीय कॅरिबूंच्या (रेनडिअरच्या जातीच्या हरणांच्या) संरक्षणाची योजना २००७ मध्ये जाहीर केली आणि २००९ मध्ये मोठे क्षेत्र स्नोमोबाइलसाठी बंद केले. अशा निर्णयात एकेका कड्याची, एकेका दरीची सीमा ठरत असते, आणि त्या टेबलापाशी कोण बसला होता यावर क्लबचे पुढील अनेक हिवाळे अवलंबून असतात. क्वेबेकमध्ये २००४ साली उच्च न्यायालयाने पति त्रँ द्यु नॉर या जुन्या रेल्वेमार्गावरील वाटेच्या एका भागात स्नोमोबाइलना मनाई केली, कारण लगतच्या रहिवाशांना आवाजाचा त्रास होत होता. तो प्रश्न पुढे प्रांताच्या कायद्यापर्यंत गेला. असे प्रश्न कोणत्याही एका क्लबच्या आवाक्याबाहेरचे असतात.

एकाच प्रांतातून दोन संघटना परस्परविरोधी निवेदने देऊ लागल्या, तर अधिकाऱ्याला सोयीचे निवेदन उचलता येते किंवा दोघींनाही प्रातिनिधिक न मानता पुढे जाता येते. दोघांचे भांडण आणि तिसऱ्याचा लाभ ही म्हण येथे शब्दशः खरी ठरते. म्हणून दोन्ही संघटनांना विचारावे की त्या कोणत्या सरकारी समित्यांवर आहेत, गेल्या दोन वर्षांत त्यांनी कोणती निवेदने दिली आणि स्नोमोबाइल संघटनांच्या कॅनडातील राष्ट्रीय परिषदेत प्रांताच्या वतीने कोण बसते. निवेदनांच्या प्रती वाचाव्यात. ज्या निवेदनात नकाशा, वाटेची लांबी आणि पर्यायी आखणी आहे ते लिहिणाऱ्याला क्षेत्र ठाऊक आहे असे समजावे. आणि एक अट घालून पाहावी: विमा व वर्गणी यांबाबत स्पर्धा करा, पण क्षेत्रबंदीच्या प्रश्नावर संयुक्त निवेदन द्याल का? जी संघटना यास तयार होते तिच्या बाजूने माझे झुकते माप राहील.

भांडणाचे मूळ शोधावे

फूट पडण्यामागे व्यक्तींमधील वितुष्ट असते असे बाहेरून वाटते, परंतु बहुधा मूळ मतदानाच्या नियमात सापडते. पर्यटकांची गर्दी खेचणारा मोठा क्लब हजारोंच्या वर्गण्या भरतो आणि त्याला एकच मत मिळते, तेव्हा तो नाराज होतो. मते सभासदसंख्येवर दिली, तर खेड्यातील चाळीस-पन्नास जणांच्या क्लबला आपण गिळले जाऊ अशी भीती वाटते, आणि ती भीती निराधार नसते. दोन्ही संघटनांचे उपविधी शेजारी ठेवून आपल्या आकाराच्या क्लबचे मत कोठे मोजले जाईल ते पाहावे. संचालक मंडळात प्रत्येक भौगोलिक विभागाला जागा आहे का, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

हे मूळ सापडले तर बाहेर पडण्यापूर्वी आतून दुरुस्तीचा एक प्रामाणिक प्रयत्न करावा. ब्रिटिश कोलंबियाच्या सोसायटीज कायद्यानुसार एकूण मतांपैकी ५ टक्के मते असणारे सभासद वार्षिक सभेपुढे प्रस्ताव ठेवू शकतात आणि १० टक्के मते असणारे विशेष सभेची मागणी करू शकतात. संघटनेचे सभासद क्लबच असतील, तर शेजारच्या थोड्या क्लबांना बरोबर घेऊनही हा टप्पा गाठता येतो.

रोजच्या सेवेची चौकशी

येथे अध्यक्षांना फोन करू नये. शेजारच्या क्लबांतील कोषाध्यक्ष आणि ग्रूमर-चालक यांना करावा. अनुदानाचा अर्ज भरताना मदत मिळाली का, विम्याचे प्रमाणपत्र मागितल्यावर किती दिवसांत आले, नव्या चालकांना प्रशिक्षण कोणी दिले, एवढे प्रश्न पुरेत. चांगले प्रशिक्षण म्हणजे काय, याची एक खूण सांगता येईल. दाबलेल्या बर्फाला घट्ट होण्यासाठी थंडी आणि काही तासांची शांतता लागते, म्हणून रात्री, सावकाश वेगाने ग्रूमिंग करावे आणि ड्रॅग (ग्रूमरमागे ओढले जाणारे सपाटीचे अवजार) केवळ फिरवून न आणता उंचवटे मुळापासून कापावेत, हे ज्या चालकाला शिकवले गेले आहे त्याची वाट दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकते. पर्वतीय क्लबांनी हिमस्खलन-प्रशिक्षणाचीही चौकशी करावी. मार्च २०१० मध्ये ब्रिटिश कोलंबियातील रेव्हलस्टोकजवळच्या बोल्डर पर्वतावर स्नोमोबाइलस्वारांच्या मोठ्या मेळाव्यावर हिमस्खलन कोसळून दोघांचा मृत्यू झाला आणि सुमारे तीस जण जखमी झाले. त्या प्रदेशात हे प्रशिक्षण सभासदांच्या जिवाशी निगडित आहे.

निर्णय आणि बदल

निर्णय वसंत ऋतूत, हंगाम संपल्यावर घ्यावा, म्हणजे विमा, परवानग्या आणि पाट्या बदलण्यासाठी उन्हाळा मिळतो. सभेच्या सूचनेसोबत दोन्ही संघटनांची तुलना लेखी पाठवावी, दोन्ही प्रतिनिधींना समान वेळ द्यावा, त्यांना बाहेर पाठवून मगच चर्चा करावी आणि मतदान गुप्त ठेवावे. छोट्या गावात माणसांना एकमेकांसोबत पुढेही काम करायचे असते. एक-दोन वर्षे दोन्हींचे सभासदत्व ठेवण्याचा मार्ग काहींना सुचतो. खर्च परवडत असेल आणि उपविधींत मनाई नसेल तर तो वापरण्यास हरकत नाही, मात्र दुहेरी विम्यात दावा कोणी स्वीकारायचा याचा खुलासा आधी करून घ्यावा.

बाहेर पडण्याचा ठराव झाल्यास सभासदत्व संपवण्याच्या सूचनेची मुदत पाहावी. संघटनेच्या अनुदानातून घेतलेल्या ग्रूमरवर तिचा हक्क नोंदलेला आहे का, हे कागदपत्रांतून तपासावे. सभासदांची यादी आणि पास-विक्रीची माहिती संघटनेच्या संगणक-प्रणालीत असेल, तर राजीनाम्याचे पत्र जाण्यापूर्वी तिची प्रत मिळवावी. सरकारशी झालेल्या करारात विशिष्ट विम्याची अट असल्यास विभागाच्या अधिकाऱ्याला आधी कळवावे.

शेजारचा क्लब दुसऱ्या संघटनेत राहिला तरी दोघांच्या वाटा एकमेकींना मिळतातच. जोडवाटेवरील पूल कोणी दुरुस्त करायचा, एकमेकांचे पास चालतील का आणि चौफुलीवरच्या पाट्या कोणाच्या, याचा एक पानी लेखी करार दोन्ही क्लबांच्या अध्यक्षांनी पहिला बर्फ पडण्यापूर्वी करावा, आणि त्याची प्रत दोन्ही ग्रूमरांच्या केबिनमध्ये ठेवावी.