विक्रीसाठी स्टिच मार्कर बनवताना या चुका टाळा

कानातली आणि माळा बनवणाऱ्या अनेक जणी स्टिच मार्करकडे, म्हणजे विणकामात टाक्याची जागा लक्षात राहावी म्हणून अडकवायच्या छोट्या कडीकडे, वळतात, कारण लागणारे साहित्य बहुतांशी तेच असते: मणी, कड्या, तार, लटकन आणि दोन पक्कडी. ग्राहकांच्या बहुतेक तक्रारींचे मूळही याच ओळखीच्या साहित्यात असते. कानातले एकदा घातले की दिवसभर जागेवर राहते, तर मार्कर प्रत्येक फेरीत डाव्या सुईवरून उजव्या सुईवर जातो, एका स्वेटरच्या विणकामात असे शेकडो वेळा घडते आणि दर वेळी तो लोकरीला घासत जातो. त्यामुळे तो किती गोड दिसतो हे पाहण्याआधी तो धाग्यात अडकतो का, हे पाहावे लागते.

“मार्करमध्ये लोकर अडकते”

सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार हीच आहे आणि तिचे कारण बहुधा जंप रिंगच्या, म्हणजे उघड-बंद करता येणाऱ्या छोट्या गोल कडीच्या, फटीत असते. रिंगची दोन टोके बाहेरच्या दिशेला फाकवून ती उघडली, तर तिचा गोलाकार बिघडतो आणि नंतर कितीही दाबली तरी टोके नीट जुळत नाहीत. दोन पक्कडींनी एक टोक पुढे आणि दुसरे मागे असे वळवून ती उघडावी. बंद करताना टोके एकमेकांच्या किंचित पुढे नेऊन परत आणावीत, म्हणजे धातूच्या ताणामुळे ती घट्ट भिडतात. तरीही सुईवर सरकणारी मुख्य कडी सांधा डाग देऊन बंद केलेली अखंड असलेलीच बरी. उघडी जंप रिंग फक्त लटकन जोडण्यासाठी ठेवावी, कारण त्या जागी तिचा धाग्याशी थेट संबंध कमी येतो.

कडीऐवजी नायलॉनचे आवरण असलेल्या तारेचा फास वापरणाऱ्यांची अडचण वेगळी असते. क्रिंप मण्यातून (तार पक्की करण्यासाठी चेपायच्या धातूच्या मण्यातून) बाहेर डोकावणारे तारेचे बारीक टोक डोळ्यांना दिसत नाही, पण मोहेरसारखी केसाळ लोकर ते लगेच पकडते. टोक शेजारच्या मण्यात लपवावे आणि क्रिंपवर गोल टोपी बसवावी. क्रिंप साध्या पक्कडीने चेपल्यास त्याच्या कडा धारदार होतात. क्रिंपिंगची पक्कड तो आधी खाचेत दुमडते आणि मग गोल करते, म्हणून तिच्यावरचा खर्च वाया जात नाही. तारेच्या पिनेला वळवून केलेल्या डोळ्याचे कापलेले टोकही बारीक कानशीने घासून घ्यावे.

तपासणीसाठी महागडे काही लागत नाही. जुनी शिफॉनची ओढणी घ्यावी आणि प्रत्येक मार्कर तिच्यावरून चारही दिशांनी ओढावा. जिथे धागा उचलला जाईल तिथे दोष आहे असे समजावे. चांदणीची टोके, पिसांच्या आकृत्या आणि बारीक पाकळ्यांची फुले या चाचणीत हमखास नापास होतात. ती छायाचित्रात कितीही खुलून दिसली, तरी विक्रीच्या संचात घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

माप बाहेरून नव्हे, आतून

बाजारात जंप रिंगचे माप बहुधा बाहेरच्या व्यासाचे सांगितले जाते. 1 मिमी जाडीच्या तारेची 8 मिमीची कडी आतून फक्त 6 मिमी भरते, म्हणजे 6 मिमीच्या सुईवरसुद्धा ती अडखळेल. आतला व्यास सुईपेक्षा एक-दोन मिलिमीटरने मोठा असावा. त्याहून फार मोठी कडी सुईभोवती उलटीपालटी होते आणि लटकन टाक्यांमध्ये घुसते.

मापाचा आकडा लिहितानाही गोंधळ होतो. भारतात विणकामाच्या सुयांना अजूनही जुन्या ब्रिटिश पद्धतीचे क्रमांक सर्रास वापरतात, ज्यात 8 नंबरची सुई 4 मिमीची आणि 10 नंबरची 3.25 मिमीची असते. अमेरिकी पद्धतीत 8 नंबर म्हणजे 5 मिमी आणि 10 नंबर म्हणजे 6 मिमी. परदेशात राहणाऱ्या ग्राहकाला “10 नंबरपर्यंत चालेल” असे कळवले, तर दोघांच्या मनात वेगवेगळ्या सुया असतात. वर्णनात नेहमी मिलिमीटरच लिहावेत.

तारेच्या जाडीकडे मात्र फार कमी जणी लक्ष देतात. जाड कडी दोन टाक्यांमधला धागा प्रत्येक फेरीत थोडा ताणते आणि विणीत वरपासून खालपर्यंत शिडीसारखी सैल रेघ दिसू लागते. जाड लोकरीत ती धुतल्यावर बरीचशी मिटते, मोज्यांसारख्या बारीक विणकामात ती राहून जाते. मोज्यांसाठी म्हणून विकायच्या संचात तार 1 मिमीपेक्षा बारीक आणि लटकन अगदी हलके असावे.

क्रोशेवाल्यांना बंद कडी विकणे

सुईवर विणणाऱ्यांना बंद कडी चालते, कारण ती सुईवरच राहते. क्रोशेत मार्कर थेट टाक्यात अडकवावा लागतो आणि पुढच्या फेरीत काढून वर न्यावा लागतो. मुक्या खांबांच्या सलग गोल विणीत, म्हणजे अमिगुरुमीच्या बाहुल्यांमध्ये, त्याशिवाय फेरीची सुरुवात सापडत नाही. अशा ठिकाणी अखंड कडी विणली गेली, तर ती तोडल्याशिवाय निघत नाही. क्रोशेसाठी लेव्हरबॅक (कानातल्याची मागून उघडणारी कडी), लॉबस्टर लॉक (माळेचा खटक्याचा आकडा) किंवा नाशपातीच्या आकाराची पिन वापरावी. साध्या सेफ्टी पिनेच्या खालच्या वेटोळ्यात धागा अडकतो, नाशपाती पिनेला ते वेटोळेच नसते. लहान लॉबस्टर लॉकमध्ये जाड लोकर मावत नाही, हेही वर्णनात नमूद करावे.

ओल्या लोकरीवर डाग

पुष्कळ जणी विणलेला तुकडा भिजवून ताणून वाळवताना मार्कर त्यातच ठेवतात. मुलामा दिलेल्या लोखंडी कड्या अशा वेळी गंजतात आणि पांढऱ्या लोकरीवर तांबूस डाग उमटतो. रेशमी गोंड्यांचा कच्चा रंगही तसाच उतरतो. नव्या मालाचा एक नमुना ओल्या पांढऱ्या लोकरीत रात्रभर गुंडाळून ठेवावा, म्हणजे दोन्ही दोष सकाळी समोर येतात. कड्यांसाठी स्टेनलेस स्टील हा सुरक्षित पर्याय आहे. पुरवठादाराने लेखी खात्री दिलेली नसेल, तर “निकेलमुक्त” हा शब्द वापरू नये, कारण निकेलची ॲलर्जी अनेकांना असते.

हवेत वाळणाऱ्या मातीचे लटकन पाण्याने मऊ पडते, म्हणून ते टाळावे. पॉलिमर क्ले ओव्हनमध्ये भाजल्यावर टिकते, मात्र तापमान पाकिटावर दिलेलेच पाळावे. रेझिन चिकट राहिल्यास त्यावर लोकरीचे तंतू बसतात. दोन घटकांच्या इपॉक्सीचे प्रमाण अंदाजाने घेणे हे त्याचे नेहमीचे कारण असते, आणि कोकणातल्या पावसाळ्यात दमट हवेमुळे ते आणखी बिघडते. अतिनील प्रकाशाने कडक होणाऱ्या यूव्ही रेझिनमध्ये गडद रंग जास्त झाला, तर प्रकाश आत पोहोचत नाही, म्हणून पातळ थर देऊन प्रत्येक थर वेगळा कडक करावा.

संचाची रचना

पाच वेगवेगळी सुंदर लटकने असलेला संच विणणाऱ्याला गोंधळात टाकतो. वरून खाली विणल्या जाणाऱ्या रॅगलन (गळ्यापासून काखेपर्यंत तिरप्या रेषेने बाह्या जोडलेल्या) स्वेटरला बाह्यांच्या चार रेषांसाठी चार सारखे मार्कर लागतात आणि फेरीची सुरुवात ओळखण्यासाठी एक उठून दिसणारा. चार अधिक एक अशी रचना केली, तर ग्राहक ती ओळखून घेतात. चित्रपटांतील किंवा कार्टूनमधील पात्रांची लटकने मात्र विकू नयेत. त्यांचे हक्क इतरांकडे असतात आणि तक्रार आली की विक्री थांबते. पाकिटातील कार्डावर आतला व्यास, कडीचा धातू आणि लहान मुलांपासून दूर ठेवण्याची सूचना छापलेली असावी.