पार्सर कॉम्बिनेटर वापरून उताऱ्याच्या ओळी वाचताय? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातली जमिनीची यादी संगणकात घ्यायची म्हटलं की समोर येतं ते असं:

४६, निपाणी, १२/२अ, २-२०

अनुक्रमांक, गाव, सर्व्हे नंबर व हिस्सा, शेवटी क्षेत्र. असा मजकूर वाचून त्याचे तुकडे ओळखणारा प्रोग्रॅम म्हणजे पार्सर. कॉम्बिनेटरच्या पद्धतीत प्रत्येक तुकड्याला एक छोटं फंक्शन लिहितात आणि फंक्शनं घेऊन फंक्शन परत देणाऱ्या जोडण्यांनी, म्हणजे ‘हे नाहीतर ते’, ‘एकामागून एक’, ‘पुन्हा पुन्हा’ अशांनी, मोठा पार्सर उभा करतात. प्रत्येक पार्सर दोन गोष्टी परत देतो: वाचलेली किंमत आणि उरलेला मजकूर. पार्सर चुकला की सगळे किंमत बघत बसतात, पण घोळ बहुतेक वेळा उरलेल्या मजकुरात असतो.

‘बेळगाव’ आधी की ‘बेळगावी’?

१ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झालं, त्यामुळे एकाच यादीत दोन्ही रूपं सापडतात. सहज लिहिलं जातं (मधलं चिन्ह म्हणजे ‘हे नाहीतर ते’):

गाव = शब्द("बेळगाव") <|> शब्द("बेळगावी")

इनपुट ‘बेळगावी’ असेल तर पहिला पर्यायच जुळतो आणि उरते फक्त सुटी ‘ी’. पुढचा पार्सर स्वल्पविरामाची वाट पाहत असतो, त्याला वेलांटी दिसते आणि त्रुटीचा संदेश भलत्याच जागी येतो.

क्रम उलटा केला की दुसरं दुखणं. हॅस्केल या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या पार्सेकसारख्या लायब्ररीत पहिल्या पर्यायाने एक जरी अक्षर खाल्लं आणि मग तो फसला, तर दुसरा पर्याय आजमावलाच जात नाही. ‘बेळगाव,’ वाचताना ‘बेळगावी’चा पार्सर सहा चिन्हं खाऊन फसतो आणि तिथेच गाडी थांबते. मोठ्या पर्यायाभोवती ‘ट्राय’ (फसल्यावर खाल्लेली अक्षरं परत देऊन मागे येणारी जोडणी) घातला की हे सुटतं. मेगापार्सेक या दुसऱ्या लायब्ररीच्या नव्या आवृत्त्यांत नुसता शब्द जुळवताना ही माघार आपोआप होते, अ‍ॅटोपार्सेक ही तिसरी तर नेहमीच मागे येते. म्हणून एका लायब्ररीतला पार्सर दुसरीत नेताना या जागा पुन्हा तपासा.

आमचं मत विचाराल तर गावांची नावं पार्सरमध्ये कोंबूच नका. आधी पूर्ण शब्द वाचा, मग तक्त्यात शोधा. बेळगाव, बेळगांव, बेळगावी अशी सगळी रूपं तक्त्यात एकाच गावावर आणता येतात आणि नवं रूप सापडलं तरी व्याकरणाला हात लावावा लागत नाही.

‘निपाणी’तून फक्त ‘न’ हाती येतो

पूर्ण शब्द वाचण्यासाठी ‘एक किंवा अधिक अक्षरं’ असं लिहिलं की ही चूक हमखास होते. हॅस्केलमधली अक्षर-तपासणी मात्रा, वेलांटी, हलन्त यांना अक्षर मानत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीचिन्हाला एक क्रमांक (कोड) देणाऱ्या पद्धतीत, त्यांचा वर्ग ‘चिन्ह’ असा वेगळा आहे. ‘निपाणी’त पहिला कोड ‘न’चा, दुसरा ‘ि’चा, म्हणून पार्सर दुसऱ्याच पावलावर थांबतो. अट ‘अक्षर किंवा चिन्ह’ अशी हवी. कानडी मजकुरालाही हेच लागू.

‘दुसऱ्या’ सारख्या शब्दात आणखी एक खाच आहे. कुणी तो ‘ऱ’ आणि हलन्त टाकून लिहितं, कुणी ‘र’, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, तुलना केली की वेगळे निघतात. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (समान रूपं एका रूपात आणण्याची ठरलेली रीत) ही दोन रूपं एक करत नाही. वाचण्याआधी एक रूप दुसऱ्यात बदलून घ्यावं लागतं.

अंक तीन लिप्यांतले

सीमाभागातल्या कागदांत देवनागरी, कानडी आणि इंग्रजी असे तिन्ही अंक भेटतात. हॅस्केलची ‘इज-डिजिट’ ही अंक-तपासणी फक्त इंग्रजी अंक ओळखते. उपाय सोपा: शून्याचा कोड देवनागरीत २४०६, कानडीत ३३०२, इंग्रजीत ४८. अंकाच्या कोडमधून त्या लिपीच्या शून्याचा कोड वजा केला की किंमत मिळते. तीन छोटे पार्सर ‘किंवा’ने जोडा आणि सगळीकडे तोच वापरा.

२.२० म्हणजे सव्वादोनही नव्हे

ही चूक सर्वांत महागात पडते, कारण कुठेही त्रुटी दिसत नाही. क्षेत्र काही ठिकाणी २-२० असं, काही ठिकाणी २.२० असं लिहिलेलं असतं. दोन्हींचा अर्थ २ एकर २० गुंठे. ४० गुंठ्यांचा एकर, म्हणजे हे अडीच एकर झालं. तयार दशांश-पार्सर मात्र २.२ एकर देतो आणि १२ गुंठे गायब होतात. एकर आणि गुंठे हे दोन पूर्णांक म्हणून वाचा, गुंठे ४० पेक्षा कमी आहेत का ते तिथेच तपासा आणि शेवटी सगळं गुंठ्यांत साठवा: २ × ४० + २० = १००.

आता त्या १०० गुंठ्यांतून ३० आणि मग २० वजा करायचे आहेत. पद म्हणजे एक संख्या, राशी म्हणजे पूर्ण वजाबाकी. ‘राशी = राशी, वजा, पद’ असं लिहिलं तर एकही अक्षर न खाता फंक्शन स्वतःलाच बोलावत राहतं आणि स्टॅक भरतो. ‘राशी = पद, वजा, राशी’ असं उलटवलं तर थांबतं, पण हिशेब १०० - (३० - २०) होऊन ९० येतात. बरोबर उत्तर ५०. यासाठीच ‘चेन-एल-वन’ आहे: त्याला पदाचा पार्सर आणि वजाबाकीचं फंक्शन परत देणारा वजा-चिन्हाचा पार्सर द्या, डावीकडून गट तो पाडतो.

मोकळी जागा खाताना ओळही खाल्ली

प्रत्येक तुकड्यानंतरची मोकळी जागा त्याच तुकड्याने खावी, हा रिवाज चांगला. पण पार्सेकचा ‘स्पेसेस’ हा मोकळी जागा खाणारा पार्सर नवी ओळही खातो. समजा ४६व्या ओळीत क्षेत्र रिकामं आहे आणि गुंठे ऐच्छिक ठेवलेत. स्वल्पविरामानंतर पार्सर थेट पुढच्या ओळीत उतरतो आणि तिथला अनुक्रमांक ४७ हेच क्षेत्र समजतो: ४७ एकर! ओळीवार मजकुरात फक्त स्पेस आणि टॅब खाणारा पार्सर स्वतः लिहा. तो शून्य अक्षरांवरही यशस्वी होत असेल तर त्याभोवती ‘मेनी’ (‘पुन्हा पुन्हा’ची जोडणी) लावू नका. पार्सेक त्रुटी देऊन थांबतो, काही लायब्ररी मात्र कायमच्या फिरत राहतात.

५०० ओळींतल्या ४६च का आल्या?

‘मेनी(ट्राय(नोंद))’ लिहिलंत आणि ४७वी ओळ बिघडलेली निघाली, तर ट्राय मागे येतो, मेनी ‘आता संपलं’ असं मानून यशस्वी होतो आणि ४६ नोंदी हातात पडतात. बाकीचा मजकूर उरलेल्या भागात तसाच पडून राहतो. सर्वांत वरच्या पार्सरच्या शेवटी ‘इनपुट संपलं’ ही अट घाला. ट्राय पूर्ण नोंदीभोवती न घालता जिथे दोन पर्यायांची सुरुवात सारखी आहे तेवढ्याच तुकड्याभोवती ठेवा. मग त्रुटी नेमक्या स्तंभावर दिसते.

ओळी जोडायला ‘सेप-बाय’ (मध्ये विभाजक असलेल्या नोंदी वाचणारी जोडणी) वापरला असेल तर फाईलच्या शेवटच्या नव्या ओळीनंतर तो आणखी एक नोंद मागतो आणि शेवटच्या टोकाला अडतो. तिथे ‘सेप-एंड-बाय’ घ्या, त्याला शेवटचा विभाजकही चालतो.

तपासणीसाठी या पाच ओळी पुरतात: बेळगावी असलेली, कानडी अंकांची, २.२० क्षेत्राची, क्षेत्र रिकामं असलेली आणि गुंठे ४५ लिहिलेली. पहिल्या तीन वाचल्या गेल्या पाहिजेत, शेवटच्या दोन त्याच ओळीचा नंबर दाखवून नाकारल्या गेल्या पाहिजेत.