हेल्प आर्टिकल आहे, पण कुणाला सापडत नाही? या चुका टाळा

सोसायट्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे हेल्प आर्टिकल्स मी लिहिते, ऑफिस महाप्याला. मार्च उजाडला की घोडबंदर रोडपासून नेरुळपर्यंतच्या सेक्रेटरींचे फोन सुरू होतात. घणसोलीच्या एका काकांनी विचारलं, "मॅडम, मेंटेनन्सची पावती दोनदा निघाली. एक रद्द कशी करू?" उत्तर आमच्या साइटवर केव्हाचं होतं, पण शीर्षक होतं 'देयक पावती निरस्तीकरण प्रक्रिया'. काका अर्धा तास शोधत बसले होते. लेख माझाच होता, त्यामुळे ते फार लागलं.

सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीने होतं. शीर्षकात आपले शब्द नकोत, फोनवर ऐकू येणारे हवेत. आता तो लेख 'मेंटेनन्सची पावती रद्द कशी करायची?' या नावाने आहे आणि पहिल्याच ओळीत 'रिसीट कॅन्सल' हेही येतं, कारण निम्मे लोक तसंच टाइप करतात. पानाच्या कोडमधल्या, वाचकाला न दिसणाऱ्या मेटा कीवर्ड्सच्या रकान्यात शब्द कोंबून काही होत नाही. गूगल तो टॅग रँकिंगसाठी वापरत नाही, हे त्यांनी 2009 मध्येच सांगितलंय.

लोकांचे शब्द मिळवायला सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट गूगलवर कोणत्या शोधांत दिसते ते दाखवणारं गूगलचं टूल, उघडा. परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये 16 महिन्यांपर्यंतचे शोध दिसतात. पण त्यात फक्त तेच शोध असतात, ज्यांत तुमचं पान दिसलं. जिथे दिसलंच नाही, ते तिथे येणार नाहीत. म्हणून साइटच्या स्वतःच्या सर्चमध्ये 'काही सापडलं नाही' असं उत्तर मिळालेल्या शोधांची यादी दर आठवड्याला काढा. मला तीच जास्त उपयोगी पडते.

मराठीत आणखी एक अडचण आहे, ती डोळ्यांना दिसतच नाही. 'भाडेकऱ्याचा नॉन-ऑक्युपन्सी चार्ज' (फ्लॅट भाड्याने दिला की सोसायटी मालकाला लावते ते शुल्क) हा लेख आमच्या सर्चमध्ये काही जणांना मिळायचा, काहींना नाही. 'ऱ्या' दोन प्रकारे टाइप होतो: एकदा खाली टिंब असलेला ऱ आणि हलंत घेऊन, एकदा साधा र, हलंत आणि मध्ये न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर घेऊन. स्क्रीनवर दोन्ही सारखेच, पण अक्षर न् अक्षर जुळवणाऱ्या सर्चला ते वेगळे शब्द. डेव्हलपरला सांगून लेख आणि शोध दोन्हीकडचा 'ऱ्या' एकाच रूपात आणून घ्या. जुन्या, युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमधून मजकूर थेट चिकटवला असेल तर तो आधी युनिकोडमध्ये बदला. नाहीतर सर्चच्या लेखी तिथे मराठीच नाही.

एरर मेसेज फक्त स्क्रीनशॉटमध्ये ठेवू नका. माणूस घाबरून तोच मेसेज जसाच्या तसा सर्चमध्ये टाकतो, म्हणून तो लेखात टाइप केलेला हवा. पन्नास प्रश्नांचं एकच लांबलचक पानही नको. एका अडचणीला एक लेख.

पान गूगलवर मुळीच येत नसेल, तर सर्च कन्सोलमधल्या यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये पानाचा पत्ता टाका. टेस्टिंगच्या वेळचा नोइंडेक्स, म्हणजे 'हे पान शोधात दाखवू नका' असं सांगणारा टॅग, बऱ्याचदा तसाच राहून गेलेला असतो. पत्ता बदलला असेल तर जुन्यावरून नव्यावर आपोआप नेणारा 301 (कायमचा) रीडायरेक्ट लावा. दुरुस्तीनंतर यूआरएल इन्स्पेक्शनमधूनच पुन्हा इंडेक्सिंगची, म्हणजे गूगलच्या यादीत पान घेण्याची, विनंती करता येते. मग काही दिवस, कधी काही आठवडेही लागतात. तेवढ्यात शीर्षक पुन्हा बदलू नका.